पोतारलेली खोली

मी गोंडपिपरीत ब्लाउज शिवते. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. बायका माप द्यायला येतात, माप झालं तरी उठत नाहीत आणि मग हळूच विषय काढतात, "सुजाता, तुले झालं तरी काय होतं तेव्हा?" सुरुवातीला मी हौसेनं सांगायचे. पण सांगताना हात थांबतात, ब्लाउज रखडतात आणि ज्या बाईनं माझी कहाणी ऐकत दुपार घालवलेली असते, तीच दुसऱ्या दिवशी ब्लाउज झालं नाही म्हणून तोंड वाकडं करते.

परवा एक मुलगी आली. पोट दिसायला लागलं होतं. बाळंतपणाला माहेरी, भामरागडकडे जाणार म्हणून खुशीत होती. तिला मी दोन गोष्टी सांगितल्या, तर तिचा चेहरा उतरला आणि तिच्या सासूनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच डास पाळून ठेवलेत. तेव्हा ठरवलं की एकदाच लिहून टाकायचं. भीती वगळून मात्र लिहिता येणार नाही, कारण माझ्या आजारपणातून भीती काढली तर फारसं काही उरत नाही.

मलेरिया झाला होता, एवढं सांगितलं की लोक म्हणतात, हात्तिच्या. त्यांचंही चुकत नाही. आमच्या भागात ज्याला कधी मलेरिया झाला नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. मला स्वतःला लहानपणी किती वेळा झाला ते मायलाही आठवत नाही. थंडी वाजायची, गोधडीवर गोधडी टाकायची, कडू गोळ्या गिळायच्या आणि बरं वाटलं की शाळेत जायचं. एटापल्लीच्या आतल्या गावात वाढलेल्या मुलीला मलेरियाची भीती घालणं म्हणजे वेडेपणाच, असं मला वाटायचं. पण तेव्हा माझ्या पोटात कोणी नव्हतं.

माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्याकडे वाद नसतो. माझ्या वेळी झाला. सासूबाई म्हणाल्या, इथं दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, कशाला जंगलात जातेस. नितीन, म्हणजे माझा नवरा, त्याचं तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, तो एरवी कशातच पडत नाही, पण तोही म्हणाला की राहू दे. मी हट्टाला पेटले. बाबा गेल्यापासून माय गावात एकटी राहते. थोडं धान, थोडा मोहफुलांचा हंगाम, यात तिचं वर्ष जातं. तिला मी एकटीच. तिनं माझ्या बाळंतपणाची वाट पाहायची नाही तर कोणाच्या?

पोळा झाला आणि सातव्या महिन्यात मी गेले. नितीन सोडायला आला होता. दारातच मायनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला आतल्या खोलीत नेलं. चारही भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, इतक्या स्वच्छ की दार बंद केलं तरी उजेड वाटावा. खाली गेरूची पट्टी, तीही बोटानं सरळ ओढलेली. वर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, फोटोंना नवे हार. ओल्या मातीचा वास अजून गेला नव्हता. पलंगावर सरकारी मच्छरदाणी बांधलेली होती. माय माझ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत होती, मी कधी काय बोलते याची वाट बघत. मी म्हणाले, एवढं कशाला केलंस, आता मला इथून कोणी हलवू शकणार नाही. ती हसली. नितीननंसुद्धा मोबाइलवर फोटो काढला आणि सासूबाईंना पाठवला.

त्या खोलीत संध्याकाळी आम्ही दोघी बसायचो. ती कुंची शिवायची आणि मी तिचे टाके उसवून पुन्हा घालायचे, त्यावरून भांडायचो. इतकं सुख मला लग्नानंतर मिळालं नव्हतं, हे नितीनने वाचलं तरी चालेल.

दोन रेघा

ताप आला तो भर दुपारी. आधी कंबर दुखली, मग दात वाजायला लागले. मायनं समोरच्या घरातून सुमनताईला बोलावलं. सुमनताई आमच्या गावची आशा सेविका, माझ्याच वयाची, शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिनं बोट टोचलं, रक्ताचा थेंब त्या लहानशा पट्टीवर सोडला आणि पट्टी जमिनीवर ठेवून आम्ही तिघी बघत बसलो.

एक रेघ आली. थोड्या वेळानं दुसरी आली.

काही महिन्यांपूर्वी गोंडपिपरीत, न्हाणीघराच्या दारात उभी राहून मी अशाच एका पट्टीवर दोन रेघा पाहिल्या होत्या आणि नितीनला हाक मारली होती. त्या रेघांनी जे दिलं होतं ते या रेघा घेऊन जातात की काय, असा विचार मनात आला आणि मी पोटावर हात ठेवला. सुमनताई म्हणाली की डोक्यात जाणारा मलेरिया आहे. गोळ्या आत्ता माझ्यासमोर घे, आणि उद्या दवाखान्यात जाऊ. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ती उठून जाईना, तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे.

गोळ्या पोटात राहिल्या नाहीत. उलटल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा उलटल्या. सकाळपासूनचं मला काही आठवत नाही, जे लिहिते ते मायनं आणि सुमनताईनं सांगितलेलं. म्हणे मी उठून बसले आणि मायला विचारलं की आपण कोण, माप द्यायला आलात का. मग तिच्या पदराला धरून मी रागवायला लागले की अस्तर उलटं लागलं आहे, सगळं उसवा, आत्ताच्या आत्ता उसवा. आज हे सांगताना सुमनताई हसते आणि मीही हसते. माय हसत नाही. पोटच्या पोरीनं आपल्याला ओळखलं नाही, हे तिच्या मनातून अजून गेलेलं नाही.

शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमधून मला एटापल्लीपर्यंत नेलं, तिथून रुग्णवाहिकेनं गडचिरोली. आदल्या रात्रीच्या पावसानं वाटेत नाल्यावरचा एक रपटा खचला होता आणि खनिजाचे ट्रक रस्त्यावर लांबवर अडकून पडले होते. मला मध्येच शुद्ध आली ती तिथे. खिडकीतून फक्त एक लाल चिखलानं माखलेलं मोठं चाक दिसत होतं. गाडी हलत नव्हती. आणि माझ्या पोटातही काही हलत नव्हतं. रोज या वेळेला लाथा मारून मला हैराण करणारं बाळ अगदी शांत होतं. मी मायला विचारलं, "बाळ हलून राह्यलं का?" तिनं पोटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून राहिली. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. मरणाचीही नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ते चाक हलावं.

वॉर्ड

दवाखान्यातले पहिले दिवस म्हणजे माझ्यासाठी एक सलाईनची बाटली आणि एक छताचा पंखा. साखर खाली गेली होती, रक्त कमी झालं होतं. नितीन गोंडपिपरीहून आला तो थेट रक्त द्यायलाच बसला. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्या दिवसातून अनेकदा येऊन पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके शोधायच्या. शोधायच्या, हाच शब्द बरोबर. यंत्र इकडे सरकवायच्या, तिकडे सरकवायच्या, आणि तेवढा वेळ नुसती खरखर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे नाही. त्यांच्या ओढणीच्या काठाचे टाके बघत राहायचे. मग कुठेतरी तो आवाज सापडायचा, बारीक आणि घाईचा. त्या म्हणायच्या, आहेत ठोके, पण सध्या मी तुम्हाला कसलंच वचन देत नाही. मला त्यांचा राग यायचा आणि विश्वासही त्यांच्यावरच बसायचा.

नितीन मायशी बोलत नव्हता. तो डबा आणायचा तो माझ्यापुरता. ती विचारायची, "जावई, काही खाल्लं का?" आणि तो मोबाइलमध्ये बघायचा. राहू दे म्हटलं होतं मी, हे तो तोंडानं बोलत नव्हता, पण त्याच्या पाठीवरसुद्धा लिहिलेलं होतं. मी मध्ये पडून दोघांचीही बाजू घेऊ शकत नव्हते, कारण कूस बदलायलाही मला नर्स लागत होती.

शेजारच्या खाटेवर एक माडिया बाई होती, जन्नी नावाची. तिचं तान्हं पोर तापानं आणलं होतं. तिला मराठी जेमतेम, मला गोंडी लहानपणी खेळताना शिकले तेवढीच. तरी ती मला पाणी द्यायची, माझे केस मागे सारायची. स्वतःचं पोर झोपलं की माझ्याकडे बघून मान हलवायची, होईल सगळं ठीक अशी. तिच्यामुळे मी त्या वॉर्डात माणूस राहिले.

प्रश्न

मी जरा उठून बसायला लागल्यावर मलेरिया विभागाचा एक कर्मचारी आला. केस कुठून आली, कशी आली, हे विचारणं त्याचं कामच होतं. माणूस चांगला होता, दमलेला होता. नितीन खिडकीशी उभा होता, माय माझ्या पायांशी बसलेली. त्यानं विचारलं की घरी फवारणी झाली होती का.

माय म्हणाली, "हौ, झाली ना. पोळ्याच्या आधीच झाली. सगळ्या भिंती पांढऱ्या डागानं भरून टाकल्या होत्या त्यायनं. मग म्या पोतारल्या. माही लेक येऊन राह्यली होती ना पहिल्या बाळंतपणाले. असे डाग काऊन ठेवू?"

हे तिनं अभिमानानं सांगितलं. लेकीसाठी किती केलं, हे नव्या माणसाला सांगायची संधी मिळाली म्हणून तिचा आवाज जरा चढलाही होता.

त्या माणसानं लिहिणं थांबवलं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, त्या डागातच औषध असते. डास भिंतीवर येऊन बसते आन् मरते. त्याच्यावर माती पोतारली म्हणजे औषध झाकून गेलं." मग तिचा चेहरा पाहून घाईनं पुढे म्हणाला की सगळेच पोतारतात, सणासुदीला तर घरोघरी, आम्ही सांगून थकलो.

नितीन वॉर्डाबाहेर निघून गेला. मायनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते. तिच्या बोटांच्या भेगांत पांढरी माती अजून तशीच होती, इतक्या दिवसांत ती निघाली नव्हती. ती त्या हातांकडे बघत होती.

मला मायचा राग आला. इथं खोटं लिहून काय फायदा. ज्या खोलीनं मला वाटलं होतं की आपण जगात सगळ्यात सुखरूप जागी आलो, तीच खोली माझ्या बाळाच्या जिवावर उठली होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं तशी केली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले. तिनं मला हाक मारली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही चहावरच होती, आणि मी तिला जेव म्हटलं नाही.

शेवटी जन्नीच उठली. तिला आमच्यातलं किती कळलं होतं कोण जाणे. ती माझ्या खाटेवर येऊन बसली, तळहात माझ्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ बसली. मग एकदम डोळे उघडून हसली आणि मायचा हात ओढून आपल्या हाताच्या जागी ठेवला. मला आत काही जाणवलं नव्हतं, मायला हातात जाणवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग मलाही कळलं, आत कोणीतरी कोपर फिरवत होतं. मी मायला म्हणाले, "आता तरी जेव." एवढंच मला बोलता आलं.

भीती घरी येते

दवाखान्यातून सुटले म्हणजे सुटले, असं होत नाही. मी गोंडपिपरीला परत आले. बाळंतपण कुठे, हा प्रश्न आता कोणी काढला नाही. माय गावी गेली आणि तिनं मला बोलावलं नाही, मीही गेले नाही. दिवस मावळायला लागला की मी दारं-खिडक्या लावून घ्यायचे. कानाजवळ डास गुणगुणला की उठून दिवा लावून तो शोधत बसायचे. नितीन चेष्टेनं म्हणायचा की मला घाबरत नाहीस तेवढी तू एका डासाला घाबरतेस. मी म्हणायचे, तुला घाबरायचं कारण काय, तुला तर मी एका फटक्यात बसवते. पण विनोद करूनही रात्री मी पोटावर हात ठेवूनच झोपायचे.

मुलगी झाली, चंद्रपूरला. वजनानं कमी, मांजरीच्या पिल्लाएवढी. जन्मल्याबरोबर तिचंही रक्त तपासलं, कारण आईकडून बाळाला हा आजार लागू शकतो, हे तोवर मला चांगलं ठाऊक झालं होतं. निरोप येईपर्यंत मी तिला छातीशी धरून बसले होते आणि नर्सनं पाळण्यात ठेवायला मागितलं तरी दिली नाही. काही निघालं नाही. नाव ठेवलं मैत्री.

आम्ही घरी आल्यावर माय डिंकाचे लाडू घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. सासूबाईंनी हाताला धरून तिला आत आणलं. त्यांच्याबद्दल मी पूर्वी जे काही बोलले असेन ते त्या दिवशी मागे घेतलं. मायनं बाळाला घेतलं, पण आधी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि त्या पदरावर बाळ घेतलं. उघड्या हातानं तिला स्पर्श केला नाही. ते पाहून नितीन उठला आणि पहिल्यांदाच मायला म्हणाला, "आई, चहा घ्या."

डाग

पुढच्या पावसाळ्यात मायचा फोन आला. पेरणीचं बोलली, सुमनताईच्या शेळीचं बोलली. मग म्हणाली, "फवारणीवाले येऊन गेले पोरी. म्या हात नाई लावला." ये असं ती म्हणाली नाही. मीच नितीनला म्हटलं, जाऊन येऊ.

नितीन नको म्हणाला, मग म्हणाला की जाशील तर मीही येतो. आम्ही तिघंही गेलो. घाट चढताना मी मैत्रीला दुपट्यात इतकी गुंडाळली की ती रडायला लागली.

खोलीत पाऊल टाकलं आणि मी उभीच राहिले. भिंतींवर वरपासून खालपर्यंत पांढुरके ओघळ सुकलेले. गेरूची पट्टी नाही. दोन्ही फोटो काढून बाजूला ठेवलेले, फवारणीसाठी, ते तिनं परत लावलेच नव्हते, भिंतीला घासले तर औषध निघेल म्हणून. सुमनताई सांगत होती की शेजारणी मायला हसतात, लेक-जावई येऊन राह्यले आन् घर असं ठेवलं, वय झालं बुढीचं. गावात पोतारण्याच्या कामात मायचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रीचं अंग गरम लागलं. फार नाही, जरासंच. पण मी नितीनला हाक मारली. नितीन सुमनताईकडे धावला. तिनं मैत्रीची टाच टोचली, पोरीनं किंकाळी फोडली, रक्ताचा थेंब पट्टीवर पडला आणि पुन्हा एकदा आम्ही त्याच जमिनीवर पट्टीभोवती बसलो. माय नाही बसली. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मनात एकच म्हणत होते, मला होऊ दे, पुन्हा मला होऊ दे.

एक रेघ आली. आम्ही वाट पाहिली. सुमनताईनं पट्टी उजेडात धरून तिरकी करून पाहिली. नितीननं पाहिली. दुसरी रेघ आली नाही. सुमनताई म्हणाली, दात येत असतील, हिरड्या बघ. खरंच खालच्या हिरडीत एक पांढरा कण होता.

नितीननं जाऊन मायला खांद्याला धरून वळवलं आणि मैत्रीला तिच्या हातात दिलं. या वेळी मायनं पदर मध्ये घेतला नाही. ती तिला घेऊन भिंतीला टेकून बसली, टेकली म्हणजे जवळ बसली, पाठ लागू दिली नाही. मैत्रीचं रडणं थांबलं होतं. तिला भिंतीवरचे ते ओघळ दिसले आणि तिनं हसत हात पुढे केला.

मायनं तो चिमुकला हात घाईनं धरून आपल्या मुठीत घेतला.

"हात नको लावू माय," ती म्हणाली, "पुसून जाईन ते."